ग्लेड क्रीकच्या पाणचक्कीचा ऑक्टोबरातला फोटो: प्लॅनिंग कसं करायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वेस्ट व्हर्जिनियातली ती लाकडी पाणचक्की तुम्ही नक्की बघितलीय, नाव माहीत नसलं तरी. कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानावर, जिगसॉ पझलच्या खोक्यावर, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या तरी वॉलपेपरवर. पुढे खडकांवरून उड्या मारत येणारं पांढरं पाणी, मागे काळपट लाकडाची जुनी चक्की, आणि चहूबाजूंनी लाल-पिवळी-केशरी झाडं. तीच ही ग्लेड क्रीक ग्रिस्ट मिल, बॅबकॉक स्टेट पार्कमधली, फेएट काउंटीतल्या क्लिफटॉप गावाजवळची.

मी तिथे तीन वेळा गेलोय आणि पहिल्या वेळी माझा साफ पोपट झाला. सगळं "बरोबर" केलं होतं हो. रंगांचा पीक (म्हणजे पानांचे रंग ऐन भरात असतात तो) वीकेंड बघितला, आकाश एकदम निरभ्र असलेला शनिवार निवडला, नवीन लेन्स घेतली, घरून निघताना पोह्यांचा डबा आणि थर्मास घेता घेता उशीर झाला तो झालाच, आणि पाच-साडेपाच तास गाडी हाकत साडेअकराला पोचलो. फोटोत काय आलं? छपराचा अर्धा भाग पांढराफट्ट जळालेला, चाक काळ्याकुट्ट सावलीत, आणि ज्या पाण्यासाठी एवढा आटापिटा केला ते पाणी म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीला येतं तेवढं. झाडांचे रंग मात्र खरंच पीकवर होते. तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय: आधी पाणी, मग ढग, आणि रंग सगळ्यात शेवटी. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, त्यामुळे हे पटलं नाही तर बाकीचं वाचायची फारशी गरज नाही.

आधी ती चक्की काय आहे ते समजून घ्या

हे फोटोग्राफीच्या लेखात कशाला असं वाटेल, पण फ्रेममध्ये काय ठेवायचं हे यावरूनच ठरतं. ही चक्की बघून वाटतं की दोनशे वर्षं इथेच उभी असणार. प्रत्यक्षात ती १९७६ मध्ये उभी राहिली, तीही राज्यातल्या तीन वेगवेगळ्या जुन्या चक्क्यांचे भाग आणून जोडून. मुख्य इमारत पोकाहोंटास काउंटीतल्या स्टोनी क्रीक चक्कीची, ती १८९० ची. पाण्याचं मोठं चाक ग्रँट काउंटीतल्या स्प्रिंग रन चक्कीचं, ती चक्की आगीत जळाली आणि चाक तेवढं वाचलं. बाकीचे काही भाग सेनेका रॉक्सजवळच्या ओनेगो चक्कीचे. आणि या ग्लेड क्रीकवर पूर्वी खरोखर एक चक्की होतीच, कूपर्स मिल नावाची, तिची आठवण म्हणून ही. एकोणिसावं शतक संपताना या राज्यात अशा ५०० हून जास्त चक्क्या होत्या म्हणतात. म्हणजे आज पिठाची गिरणी जशी गल्लीच्या कोपऱ्यावर असते तशी तेव्हा ओढ्याच्या कोपऱ्यावर.

मला हे कळल्यावर आधी थोडं फसवल्यासारखं वाटलं, खरं सांगतो. पण मग लक्षात आलं की ही शोभेची वस्तू नाहीये, चालू चक्की आहे, इथे मका खरोखर दळला जातो. वरून लाकडी पन्हळीतून पाणी येतं, चाकाच्या माथ्यावर पडतं आणि पाण्याच्या वजनाने चाक फिरतं. म्हणजे फोटोची गोष्टच मुळी ओढा, पन्हळ, चाक अशी आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच समजेल, तिथेही डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून दळण दळायचे आणि तिथेही पाणी काढून टाकलं तर मागे नुसती भिंत राहते. म्हणून ग्लेड क्रीकला पाणी नसताना काढलेला फोटो, रंग कितीही भारी असले तरी, एका लाकडी घराचा फोटो होतो. चक्कीचा होत नाही.

तारीख कशी धरायची

आपण ऑटमला सरळ शरद म्हणून टाकतो, पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, स्वच्छ आभाळ आणि कोजागिरी, त्यात पानं गळत नाहीत. आपली पानगळ शिशिरात. तिकडचा ऑटम आपल्या शरदातच येतो पण वागतो शिशिरासारखा, आणि त्यातही जागेनुसार पुढे-मागे होतो. उंचावर आधी रंग येतात, मग ते हळूहळू खाली उतरतात. डॉली सॉड्स किंवा स्प्रूस नॉबसारख्या उंच ठिकाणी (स्प्रूस नॉब ४८६३ फूट, राज्यातलं सगळ्यात उंच) सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खेळ आटोपतो. बॅबकॉकला साधारण ऑक्टोबरचा मध्य ते तिसरा-चौथा आठवडा. राज्याचं पर्यटन खातं आणि वनखातं सीझनमध्ये दर आठवड्याला रंगांचा रिपोर्ट काढतात, तो बघत राहा, पण नकाशावरचा रंग म्हणजे अख्ख्या काउंटीचा अंदाज असतो, तुमच्या ओढ्याकाठच्या चार झाडांचा नाही.

झाडांची थोडी ओळख असली की अंदाज सुधारतो. ब्लॅकगम आणि सावरवुड लवकर लाल होतात. ट्युलिप पॉपलर लवकर पिवळा पडतो आणि लवकर गळतो. मेपल मधल्या फळीत, हिकरी सोनेरी, आणि ओक सगळ्यात शेवटी, तांबूस-तपकिरी. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसायला लागतो, त्यामुळे पिवळा दरवर्षी ठरलेला. लाल मात्र झाड त्या दिवसांत नव्याने तयार करतं, पानात अडकलेल्या साखरेपासून, त्यासाठी दिवसा चांगलं ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण पाणी गोठेल इतका नाही. म्हणून एखाद्या वर्षी लाल रंग फिका असला तर तुमचं काही चुकलेलं नसतं. उन्हाळा फार कोरडा गेला असेल तर पानं रंगायच्या आधीच तपकिरी होऊन गळतात तेही बघितलंय.

माझं मत विचाराल तर पीकच्या थोडं आधी जा, नंतर नको. थोडा हिरवा शिल्लक असताना पिवळा जास्त उठून दिसतो. शिवाय चक्कीच्या आजूबाजूला ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आहेत ती बारा महिने हिरवीच असतात, तो गडद हिरवा फ्रेममध्ये असला की सगळं चित्र हळदीत बुडवल्यासारखं दिसत नाही.

आता पाणी, इथे जरा थांबा

गोची अशी आहे की ऑक्टोबर हा त्या भागातल्या ओढ्यांचा सगळ्यात आटलेला काळ असतो. म्हणजे रंग ज्या दिवसांत भारी, त्याच दिवसांत पाणी सगळ्यात कमी. मी मूळचा साताऱ्याकडचा, ठोसेघरला धबधबा बघायला कधी जायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी जायचं. पण इकडे आल्यावर वेबसाइटवरचे रंगीत नकाशे बघून अक्कल गहाण टाकली मी, ओढा हा ओढाच असतो हे विसरलो.

तर करायचं काय. जायच्या दहा दिवस आधीपासून फेएट काउंटीत किती पाऊस पडला ते रोज बघायचं, हवामानाच्या कुठल्याही चांगल्या साइटवर मागच्या दिवसांचा पाऊस दिसतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे नद्यांवर मोजणीचे गेज आहेत, त्यांचे आलेख फुकट दिसतात, आसपासच्या छोट्या नद्यांचे बघा, मोठ्या न्यू रिव्हरचा आकडा बघून काही उपयोग नाही कारण ती धरणातून सोडलेल्या पाण्यावरही चालते. छोट्या नदीचा आलेख एकदम वर गेलेला दिसला की ओढ्यालाही पाणी आलंय असं समजायचं. छोट्या ओढ्याचं पाणी चढतं पटकन आणि उतरतंही पटकन. जोरदार पावसाच्या दिवशीच गेलात तर पाणी गढूळ, चहासारखं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवळतं आणि तरी भरपूर असतं, ते सगळ्यात बेस्ट.

आणि सरळ पार्कच्या ऑफिसला फोन करा. फक्त "कलर्स पीकवर आहेत का" असं विचारू नका, ते बिचारे दिवसाला शंभर जणांना "लवकरच" म्हणून सांगत असतात. विचारा की चक्कीच्या पुढचे मोठे दगड पाण्याखाली आहेत का उघडे, आणि चाक फिरतंय का. दुसऱ्या ट्रिपच्या आधी मी हे विचारलं तेव्हा फोनवरच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की दगड सगळे उघडे आहेत, मुलं त्यावर बसून सँडविच खातायत. मी बुकिंग पुढे ढकललं. त्या सँडविचने माझे पाच-सहाशे मैल वाचवले.

यात एक मेख आहे ती लक्षात ठेवा. ऑक्टोबरात पाऊस आणणारा पट्टा जाताना मागे वारा सोडून जातो, आणि तो वारा एका रात्रीत पानं झोडपून खाली पाडतो. म्हणजे जो पाऊस पाणी देतो तोच रंग नेतो. म्हणून पीकच्या थोडं आधी आलेला पाऊस सोडायचा नाही, पानं अजून देठाला घट्ट असतात तेव्हा. पीकनंतरच्या पावसात मात्र जुगार आहे.

ढग आणि वेळ

चक्की दरीत आहे, दोन्ही बाजूंना झाडी. ऊन असलं की ते पानांतून तुकड्या-तुकड्याने पडतं आणि कॅमेऱ्याला ते सहन होत नाही, हे मी वर सांगितलंच. ढगाळ दिवस हवा, रिमझिम असेल तर अजून चांगलं. ओलं लाकूड गडद होतं, ओले दगड काळे होतात, पानांचे रंग दाट होतात. तिसऱ्या ट्रिपला सगळीकडे "रेन, नव्वद टक्के" दाखवत होतं, बायको म्हणाली एवढ्या पावसात कोण जातं, आणि पार्किंग खरंच अर्धं रिकामं होतं. तीच ट्रिप फळली.

ढग मिळालेच नाहीत तर पहाट. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्योदय साधारण साडेसातला होतो (घड्याळं मागे करायची असतात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तोपर्यंत सकाळी उजाडायला उशीरच), आणि फोटोपिल्ससारख्या ॲपमधली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते, दरीत ऊन प्रत्यक्ष उतरायला त्यानंतर बराच वेळ लागतो. तो सावलीचा वेळ तुमचा. पीकच्या वीकेंडला सात वाजता पोचलात तर ट्रायपॉडची रांग लागलेली दिसेल, लालबागच्या रांगेइतकी नाही पण भावना तीच. पावणेसातला पोचा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

संध्याकाळी ऊन दरीतून गेल्यावरही चालतं, फक्त सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असल्यामुळे अंधार फार पटकन होतो आणि ओल्या दगडांवरून अंधारात परत येणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे जायचं बुकिंग.

बुकिंग, आणि एक तारीख जी टाळायची

वॉशिंग्टन डीसीकडून पाच तासांच्या वर, शार्लटकडून साडेतीनच्या आसपास. पहाटे तिथे असायचं तर आदल्या रात्री मुक्काम पाहिजेच. पार्कमध्ये केबिन आहेत पण ऑक्टोबरातल्या फार आधी जातात, नाहीतर फेएटव्हिल किंवा बेकली. कॅन्सल करता येईल असंच बुकिंग करा, आणि एक नाही, लागोपाठच्या दोन आठवड्यांतलं करा, जो आठवडा पाण्याने पास होईल तो ठेवायचा. मी एकदा पैसे परत न मिळणारी स्वस्त खोली घेतली, ती रद्द करता येईना म्हणून कोरड्या ओढ्यावर जाऊन फिरून आलो, वर हॉटेलचा हीटर रात्रभर ट्रॅक्टरसारखा वाजत होता.

टाळायची तारीख म्हणजे ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. त्या दिवशी ब्रिज डे असतो. न्यू रिव्हर गॉर्ज ब्रिज, १९७७ चा, नदीपासून ८७६ फूट उंच, त्या एका दिवशी गाड्यांना बंद असतो आणि माणसं त्यावरून पॅराशूट घेऊन खाली उड्या मारतात. बघायला कमाल आहे, पण हॉटेलं फुल्ल, ट्रॅफिक तुंबलेलं, आणि रंगांचा सीझनही नेमका तेव्हाच. दोन्ही करायचं असेल तर शुक्रवारी पहाटे चक्की उरकून घ्या.

अजून एक, पार्कात मोबाईलचं नेटवर्क धरून चालू नका. मॅप आधी डाउनलोड करा, हवामान आधी बघून ठेवा.

बॅगेत काय

ट्रायपॉड आणि पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक मारणारा फिल्टर), एवढ्या दोन गोष्टींशिवाय जाऊ नका. बाकी कॅमेरा कुठलाही चालेल. लेन्स २४-७० किंवा तुमच्याकडे असेल ती किट लेन्स, कारण माझे बहुतेक फोटो २४ ते ४० मिमीमध्येच आलेत. ७०-२०० असेल तर चाकाचे, पन्हळीचे जवळचे फोटो मिळतात. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) असला तर ठीक, ढगाळ पहाटे लागत नाही. मायक्रोफायबरची फडकी चार-पाच, कारण एक ओलं झालं की ते पाणी पसरवायचं काम करतं. शॉवर कॅप, हॉटेलात फुकट मिळते ती, कॅमेऱ्यावर चढवायला. आणि चांगली पकड असलेले बूट. पडलेली ओली पानं खडकावर असली की ती केळ्याच्या सालासारखी, खाली खड्डा आहे का शेवाळ ते दिसतच नाही.

पोलरायझर काय करतो हे ज्यांनी प्रत्यक्ष बघितलं नसेल त्यांनी तिथे एक करून बघा. ओल्या खडकावर पडलेलं एक पिवळं पान शोधा. कॅमेऱ्यातून बघत फिल्टर हळूहळू फिरवा. आधी खडक स्टीलच्या ताटासारखा चमकत असतो आणि पान त्या चमकेत जवळजवळ दिसतच नाही. फिरवत जा, एका जागी येऊन चमक विझते, खडक एकदम शाईसारखा काळा होतो, पानाच्या शिरा, त्याच्यावरचा एक किडीने खाल्लेला भोकाचा डाग, सगळं वर येतं. अजून थोडं फिरवलं की चमक परत. मला हे एडिटिंगमध्ये कधीच जमलेलं नाही, चमकेखालचा रंग कॅमेऱ्यात आलेलाच नसतो तर सॉफ्टवेअर आणणार कुठून. पण पूर्ण चमक मारू नका, थोडी ठेवा, नाहीतर ओले दगड कोरडे वाटायला लागतात.

पोचल्यावर

कॅमेरा लगेच काढू नका. चक्की पार्किंगपासून अगदी जवळ आहे त्यामुळे घाई होते, पण दहा मिनिटं नुसतं हातात मोबाईल घेऊन फिरा. ओढ्याच्या खालच्या बाजूने चक्कीकडे बघत उभं राहिलं की तो प्रसिद्ध फोटो. दोन पावलं इकडे-तिकडे झालं की एखादा दगड बरोबर चाकाच्या समोर येतो आणि चाक झाकतो, किंवा फांदी छपराला चिकटते. मी जागा नक्की करताना तीन गोष्टी बघतो: चाक मोकळं दिसतंय का, पाण्याची एक तरी धार खालच्या कोपऱ्यातून आत येतेय का, आणि वरचं आकाश कापता येतंय का. ढगाळ दिवशी आकाश म्हणजे पांढरा कागद, तो फ्रेममध्ये आला की डोळा तिकडेच पळतो. कॅमेरा थोडा खाली झुकवा, किंवा वरून एखादी फांदी येऊ द्या.

कॅमेरा खाली ठेवावा का वर? सगळे खाली बसतात कारण पुढचा दगड मोठा दिसतो. पण फार खाली गेलात तर पाण्याचे टप्पे एकमेकांवर चढतात आणि सगळा एकच पांढरा पट्टा दिसतो. मी कंबरेच्या उंचीवर येऊन थांबलो, तिथून तीन टप्पे सुटे दिसतात. उभा फोटोही काढा, आडवा सगळे काढतात.

ट्रायपॉडचा पाय वाहत्या पाण्यात असेल तर तो थरथरतो, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत दिसतं. मधला दांडा वर काढू नका, पाय दगडाच्या खाचेत रुतवा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

सेटिंग अशी, अगदी सुरुवातीला: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११, आणि शटर (किती वेळ उघडा राहतो तो) जो येईल तो, ढगाळ पहाटे पोलरायझर लावून तो बहुतेक अर्धा ते दोन सेकंद येतो. आता इथे आवडीनिवडी आहेत. तीन-चार सेकंदांना पाणी साबणाच्या फेसासारखं होतं, लोकांना आवडतं, मला नाही. मला पाव ते अर्धा सेकंद आवडतो, त्यात पाण्याच्या दोऱ्या दिसतात, जोर कळतो. त्यासाठी आयएसओ २०० किंवा ४०० केलात तर काही बिघडत नाही. वेगवेगळ्या शटरचे काढून ठेवा आणि घरी ठरवा. डोहात पानं गोल गोल फिरत असतील तर तिथे मात्र १५-२० सेकंद द्या, पिवळी वर्तुळं उमटतात. हा अपवाद.

पांढरं पाणी जळतंय का ते हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) बघा, आणि जमलं तर लाल रंगाचा वेगळा आलेखही बघा, कारण लाल पानं आधी जळतात आणि साध्या हिस्टोग्रामला ते कळतही नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-गारवा ठरवणारी सेटिंग) क्लाउडी ठेवा, सावलीत सगळं निळं येतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर नंतर बदलता येतं, पण मागच्या स्क्रीनवर निळं बघून मूड जातो.

फोकस: पुढचा दगड तीन-चार फुटांवर आणि चक्की लांब असेल तर दोन फोटो काढा, एक दगडावर फोकस करून, एक चक्कीवर, कॅमेरा न हलवता. नंतर जोडायचे. एफ/२२ करून सगळं एकात उरकायचा मोह होतो पण त्यात सगळंच थोडं थोडं मऊ येतं.

वाऱ्याचं काय? पाण्यासाठी शटर स्लो, पण मग पानं हलून लापशी होतात. इथेही दोन फोटो. पहिला पाण्यासाठी अर्ध्या सेकंदाचा. दुसरा तसाच कॅमेरा ठेवून आयएसओ १६०० वगैरे करून शटर एक अष्टमांश सेकंदापेक्षा बराच फास्ट, पानांसाठी. घरी पानं दुसऱ्यातली, पाणी पहिल्यातलं. हे चीटिंग आहे का यावर आमच्या ग्रुपमध्ये दर ऑक्टोबरात भांडण होतं. माझ्या मते दोन्ही क्षण त्याच दहा सेकंदांतले आहेत, दुसऱ्या दिवसाचं आकाश आणून चिकटवलं तर ते चीटिंग.

नुसता मोबाईल असेल तर? आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्सपोजर निवडा, पाणी मऊ होतं. अँड्रॉइडवाल्यांनी प्रो मोडमध्ये शटर स्लो करा. दोन्हीकडे मोबाईल दगडावर टेकवा. गॉगलची काच पोलराइज्ड असेल तर ती मोबाईलच्या लेन्ससमोर धरून फिरवा, जुगाड आहे पण चालतं, रंग थोडा बदलतो तो नंतर सुधारा.

दुसऱ्यांच्या फ्रेममध्ये शिरताना एकदा मागे वळून बघा, दगडावर उतरलं की मागचे वीस जण तुमच्या पाठीचा फोटो काढतात. फांदी आड येतेय म्हणून तोडू नका, मी एकाला ते करताना बघितलंय, त्याच्याकडे लाखभराचा कॅमेरा होता. आणि दगडांच्या फटीत हात घालताना बघून घाला, टिंबर रॅटलस्नेक हा या राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी आहे, उगाच नाही. थंडी पडली की ते आत जातात पण उबदार ऑक्टोबरात भरवसा नाही.

घरी आल्यावर

लगेच एडिट करू नका, डोळ्यांत अजून तिथले रंग असतात आणि स्क्रीनवर सगळं फिकं वाटतं, मग सॅच्युरेशन ओढलं जातं. दोन दिवस जाऊ द्या. बहुतेक फोटो बिघडतात ते पिवळ्याला केशरी करण्यात. तिथला पिवळा पिवळाच ठेवा, सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी हिरव्याचा उजेड थोडा कमी केला की पिवळा आपोआप वर येतो. चक्कीच्या लाकडावर केशरी झाक आली असेल तर तेवढ्याच भागावरून रंग उतरवा, ते लाकूड करडं-तपकिरी आहे, ते तसं राहिलं तरच बाकीचे रंग खरे वाटतात. सावल्या फार उघडू नका. चाकाच्या आत अंधार असायलाच हवा.

दिवसाचा बाकी वेळ हातात असेल तर पार्कातलंच बोली लेक बघा, वारा नसेल तर झाडांचं प्रतिबिंब मिळतं. ग्रँडव्ह्यूवरून न्यू रिव्हरचं मोठं वळण दिसतं, तिथे मात्र ऊन चालतं, दुपारी तिकडे जा. तो भाग डिसेंबर २०२० पासून नॅशनल पार्क आहे, त्यामुळे तिथे ड्रोन उडवायचं डोक्यात आणू नका.

आणि चक्कीत त्या दिवशी दळण झालं असेल तर मक्याचं पीठ विकत मिळतं, ते घ्याच. आम्ही तिसऱ्या ट्रिपला आणलं. ओल्या कपड्यांतच गाडीत बसलो होतो, पिशवी मुलीने मांडीवर धरली होती आणि अर्ध्या वाटेत सगळ्या गाडीला कोरड्या मक्याचा वास लागला. घरी व्हिडिओ कॉलवर आईला आधी फोटो दाखवला, ती "छान आहे रे" म्हणाली आणि लगेच म्हणाली, पीठ दाखव. चिमटीत घेऊन कॅमेऱ्यासमोर धरलं. भाकरी थापायला गेलो होतो, दोनदा तुटली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, जाडसर दळलंय की ते, गरम पाण्यात उकड काढून घे आधी.